वकिलासाठी किनारा

वकील दाराशी बसला होता आणि ट्रेसरबाई दादाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. खुर्चीवर नव्हे, टेबलावरच. पाय वर घेऊन, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून. वकील म्हणजे कुत्रा. तपकिरी, मध्यम उंचीचा, एक कान उभा आणि एक पडलेला. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर हरकत घेतो म्हणून तिच्या दादाने त्याला हे नाव ठेवलं होतं. कालपासून मात्र त्याने एकही हरकत घेतली नव्हती. नुसता बसून दाराकडे बघत होता, आणि मधून मधून तिच्याकडे.

"कधीपासून म्हणालात?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"काल सकाळी नऊला लघवी केली तेवढीच. त्यानंतर थेंब नाही."

"पाणी पितोय?"

"पितोय ना. म्हणून तर जीव घाबरा झालाय."

"अहो, मग बाहेर न्या त्याला."

"नेलं. अंगणात नेलं, रस्त्याच्या कडेला नेलं, झाडाखाली नेलं. तो वास घेतो, माझ्या तोंडाकडे बघतो आणि घरी परत येतो. त्याला वाळू लागते. ओली. समुद्राची. पिल्लू होता तेव्हापासून दादा त्याला पुळणीवरच न्यायचा. मी घमेल्यात बांधकामाची वाळू आणून वर पाणीसुद्धा ओतलं. ढुंकून पाहिलं नाही."

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले.

"बाई, पोट हाताला टणक लागतंय का?"

"मी हात लावलेला नाही," ती म्हणाली.

"बरं. आज रविवार आहे, मी दुपारी बाहेर जातोय, रात्री परत येईन. तोवर त्याने केलीच पाहिजे. नाहीतर प्रकरण हाताबाहेर जाईल. एवढा समुद्र आहे आपल्याला. एखादा बरा किनारा शोधा आणि घेऊन जा."

तिला कुत्र्यांची भीती वाटते हे सगळ्या घराला ठाऊक होतं आणि घराने त्यावर जन्मभर हसून घेतलं होतं. तिला कधी कुत्रा चावला नव्हता, मागे लागला नव्हता, अंगावर धावून आला नव्हता. तिच्या भीतीचं कारणावाचून काही अडलं नव्हतं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीही ती दादाच्या फाटकाबाहेर उभी राहून हाक मारायची, "बांधलंस का रे त्याला?" आणि दादा आतून ओरडायचा, "वकिलाला बांधून ठेवतात का कुठे? ये, ओळख असलेल्यांना तो काही करत नाही." तरी ती बाहेरच उभी राहायची. शेवटी दादाच चहाचे कप घेऊन फाटकाशी यायचा.

गुरुवारी दादाच्या हातातून कप पडला आणि मागोमाग तो स्वतः पडला. तीस वर्षं फेरीबोट चालवलेला माणूस, लग्न केलेलं नाही, घरात दुसरं कुणी नाही. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. शुद्धीवर आल्यावर त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'वकील'. ड्यूटीवरच्या नर्सने गंभीर चेहऱ्याने ट्रेसरबाईला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "पेशंट वकिलाला बोलवा म्हणतायत. कागदपत्रांचं काही असेल, उशीर करू नका." त्या सगळ्या दिवसांत ती हसली ती तेवढी एकदाच.

पहिले दोन दिवस शेजारच्या शिंप्याने कुत्र्याला नेहमीच्या पुळणीवर नेऊन आणलं. काल दुपारी तिथे नव्या धक्क्याच्या कामासाठी पत्रे ठोकले आणि आत जायची वाटच बंद झाली. शिंपी म्हणाला, "लांब न्यायचं असेल तर मला नाही जमणार हो ताई, शिवायचे ढीग पडलेत." त्याचं काही चुकलं नव्हतं. कुत्रा दादाचा होता, आणि दादाला ती एकटी होती.

काल संध्याकाळी ती हॉस्पिटलात गेली तेव्हा दादाने तोंडाच्या चालत्या बाजूने विचारलं, "गेला?"

"गेला, गेला," ती म्हणाली.

दादाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. लहानपणापासून तिचं खोटं त्याच्यापुढे टिकलेलं नव्हतं. तिने मग पत्र्यांचं सांगून टाकलं. दादाचा श्वास वाढला, कपाळावर घाम आला, आणि नर्स लगबगीने येऊन म्हणाली की यांना त्रास होईल असं काही बोलू नका. ट्रेसरबाई घाबरून उठायला लागली, तर दादाने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"नकाशात... बघ. तुझ्या."

"बघते."

"तो... जगला पाहिजे."

"जगेल. मी नेते त्याला. शब्द देते."

 दादाने मान वळवून शेजारच्या खाटेवरच्या रिटायर्ड पोस्टमनला सांगितलं, "बहीण. सगळा किनारा... हिनं काढलाय." पोस्टमन कौतुकाने उठून बसला. मंगळवारी त्याला घरी सोडणार होते आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. "मग ताई, मलाही एखादी शांत पुळण सांगून ठेवा," तो म्हणाला. "गर्दी नको, दगड नकोत. पायाखाली वाळू असली की झालं."

किनारा तिने काढला होता हे खरंच होतं. मोजणी खात्यात एकतीस वर्षं ती ट्रेसर होती. सर्व्हेअर होडीतून, पायी हिंडून मापं आणायचे, आणि त्यांच्या कच्च्या कागदांवरून ती पारदर्शक फिल्मवर शाईने पक्का नकाशा उतरवायची. वाळूला ठिपके, खडकाला बारक्या फुल्या, चिखलाला आडव्या तुटक रेघा. कॉम्प्युटर आल्यावरही किनाऱ्याच्या मूळ फिल्मा तिच्याच कपाटात राहिल्या होत्या. तिच्या ठिपक्यांची खात्यात ख्याती होती. एकसारखे, ना दाट ना विरळ. कोणत्या शीटवर कुठे काय आहे ते तिला डोळे मिटून सांगता येई. त्या किनाऱ्यांवर ती स्वतः मात्र सहसा जात नसे, कारण तिथे कुत्री असतात.

टेबलावरून खाली उतरायला तिला दहा मिनिटं लागली. वकिलाने स्वतःच खुंटीवरची गळपट्ट्याची दोरी तोंडात धरून आणली आणि तिच्या पायाशी टाकली. तिने लादी पुसायच्या दांड्याला दोरीचं टोक घट्ट बांधलं आणि दांडा हातात धरला. म्हणजे ती आणि कुत्रा यांच्यात दोरी अधिक दांडा एवढं अंतर राहिलं. गळपट्ट्यात कडी अडकवायला शिंप्याला बोलवावं लागलं. त्याने दांड्याकडे पाहिलं आणि भला माणूस म्हणून फक्त गाठ आवळून दिली.

पहिली पुळण शीतगृहामागची. शीट अडतीस, ठिपके. पायऱ्या उतरतानाच तिला खाली सावलीत झोपलेली कुत्री दिसली. चार होती, मग एक होडीमागून उठलं, मग आणखी दोन. सगळी एकदम उठली नाहीत, एकेक करून उठली, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. वकिलाच्या मानेवरचे केस उभे राहिले. ती उलट्या पावलांनी पायऱ्या चढली, दांडा छातीशी धरून, तोंडाने नुसतं "नको, नको, नको" म्हणत. ते वकिलाला उद्देशून होतं, त्या सातांना की स्वतःला, तिलाही सांगता आलं नसतं. रस्त्यावर आल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. वर्दळ ओसरायची वाट बघतेय असा आव आणून तिने पाच मिनिटं काढली.

दुसरी पुळण शीट एकोणचाळीसवरची, हॉटेलांसमोरची. वाळू सुरेख होती, ओली, सपाट. वकिलाने वास घेतला, दोनदा स्वतःभोवती फिरला, मागचे पाय वाकवले. त्याच क्षणी शिट्टी वाजली. टोपीवाला रखवालदार हात हलवत धावत येत होता.

"ओ बाई! पाटी वाचता येते का? कुत्र्यांना मनाई आहे!"

"एक मिनिट थांबा हो, फक्त एक मिनिट. तो आजारी आहे."

"मग तर अजिबातच नाही!" म्हणत त्याने आणखी एकदा शिट्टी फुंकली. वकील दचकला, सरळ उभा राहिला, आणि आलेलं परत गेलं. तो कण्हला. आतापर्यंत ती स्वतःसाठीच घाबरत होती, स्वतःच्या हातापायांसाठी. ते कण्हणं ऐकल्यावर पहिल्यांदा तिला त्याच्यासाठी भीती वाटली, आणि ती भीती जास्त वाईट निघाली.

साडेदहा वाजले होते. कचेरी बंद, पण शीट तिच्या डोक्यात होत्या. तिने डोळे मिटून चाळीस नंबर आठवला: नुसते खडक. एकेचाळीस: खाडीचं मुख, मग ठिपके, चांगले मैलभराचे, जुन्या निशाणीच्या खांबापर्यंत. वस्ती नाही, हॉटेल नाही, पाटी लावायला कुणी नाही. बसमध्ये कुत्र्याला घेत नाहीत, म्हणून ती चालत निघाली. वाटेत वकील तीनदा बसला. तिसऱ्यांदा तो उठेना तेव्हा ती दांड्याच्या टोकाशी उभी राहून म्हणाली, "ऊठ रे बाबा. मी दादाला काय सांगू?" तो उठला. सवा तास लागला.

पुळण अगदी नकाशातल्यासारखी होती. ओहोटी लागून गेलेली, राखाडी, चकचकीत, लांबच लांब पसरलेली, आणि चिटपाखरू नव्हतं. तिला इतकं हायसं वाटलं की तिने दांडा एका हातात घेतला. वकिलाने पाण्याचा वास घेतला आणि जोरात ओढ घेतली. दांडा तिच्या हातातून निसटला आणि वाळूवर उड्या मारत त्याच्यामागे गेला.

पन्नास पावलांवर तो थांबला. मागचे पाय वाकवले. तिने देवाचे आभार मानायला तोंड उघडलं, आणि तिला दिसलं की तो वाकलेला नाही, खाली चाललाय. आधी मागचे पाय गेले. त्याने पुढच्या पायांनी उसळी मारली तशी तेही गेले. मग पोट टेकलं. तो भुंकला नाही. मान वळवून त्याने तिच्याकडे पाहिलं.

ती धावली. दहाव्या पावलाला तिचा घोटा रुतला, बाराव्याला गुडघा. पाय उपसायला गेली तर दुसरा आणखी खोल गेला. वर बोटभर राखाडी साय होती आणि खाली काळा, थंड गाळ. ही वाळू नव्हती. इथे वाळू नव्हतीच.

तिथे, मांडीपर्यंत रुतलेली असताना तिला तो कच्चा कागद आठवला. एकेचाळीस नंबरचा. खाडीच्या बाजूला ठिपके होते, खांबाच्या बाजूला ठिपके होते, आणि मधला अर्धा मैल मोकळा होता. मोकळ्या जागेत सर्व्हेअरने पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्या दिवशी होडी जवळ नेता आली नव्हती. सर्व्हेअरची बदली झालेली, शीट दुसऱ्या दिवशी छपाईला जायची होती, आणि पक्क्या नकाशावर मोकळी जागा तिला बघवत नसे. दोन्हीकडे वाळू आहे म्हणजे मध्येही वाळूच असणार. तिने कुणाला विचारलं नाही. दुपारच्या चहाआधी तिने तिथे ठिपके भरून टाकले होते, एकसारखे, ना दाट ना विरळ. याला तेरा वर्षं झाली होती.

"आडवी पड!"

आवाज डावीकडून आला. एक बाई फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने गाळ मागे रेटत घसरत येत होती. फळीवर शिंपल्यांची टोपली होती. "उभी राहू नकोस, आडवी पड! पोटावर! हात पसर!"

ट्रेसरबाई पोटावर पडली. गाळ हनुवटीला लागला. पाय हळूहळू मोकळे झाले.

"आता मागे सरक. रस्त्याकडे."

"कुत्रा आहे."

"कुत्रा राहू दे. पाणी वळलंय, दिसत नाही का? तू नीघ आधी."

तिने समोर पाहिलं. पाणी खरंच वळलं होतं; पातळ, बिनआवाजाचं, वकिलाच्या पलीकडून पसरत येत होतं. तिला रडू फुटलं. तिला मागे सरकायचं होतं. ते नंतर तिने कुणापासून लपवलं नाही: तिला मनापासून मागे सरकायचं होतं. पण तिचं अंग पुढे सरकायला लागलं होतं, कोपरावर, तोंडाने काहीबाही पुटपुटत. शिंपलेवालीने कपाळावर हात मारला, टोपली गाळात टाकून दिली आणि फळी तिच्या दिशेने ढकलली. "छातीखाली घे! अगं, छातीखाली!"

फळीवर छाती टेकून ती त्याच्यापर्यंत सरकली आणि तिने हात लांब केला. वकिलाचं नाक, दोन्ही कान आणि पाठीचा कणा तेवढा वर होता. त्याचे डोळे पांढरे झाले होते. त्याच्या गळपट्ट्यात हात घालायचा होता, म्हणजे त्याच्या तोंडापाशी. आयुष्यात ती कुठल्याच कुत्र्याच्या इतकी जवळ गेली नव्हती. तिने डोळे मिटले आणि हात घातला.

तो चावला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये दात खोल गेले, आणि त्याने सोडलं नाही. तिने किंकाळी फोडली, आणि तिनेही सोडलं नाही. मागून शिंपलेवालीने तिचे घोटे धरले आणि ओढलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं. गाळातून एक लांब, ओला आवाज आला आणि वकील उपसून निघाला.

कितीतरी वेळाने तिघं रस्त्याच्या कडेला खडीवर बसले होते, डोक्यापासून पायापर्यंत काळे. वकील थरथरत उठला, चार पावलं चालला आणि खडीवरच, ओली वाळू वगैरे सगळं विसरून, पाय वर न करता उभ्या उभ्या मोकळा झाला. खूप वेळ चाललं. दोघी बायका बघत राहिल्या. मग तो परत आला आणि ट्रेसरबाईच्या पायावर हनुवटी टेकून पडला. तिचं अंग आखडलं. तिने पाय काढून घेतला नाही.

शिंपलेवालीने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून तिच्या हाताला बांधला.

"इथे आमच्यातलं कुणी फळीशिवाय पाऊल टाकत नाही," ती म्हणाली. "बाहेरचीच येतात. कागद घेऊन येतात."

"कसला कागद?"

"निळ्या कडेचा. त्यात म्हणे इथे छान वाळू दाखवलीय. दोन वर्षांमागे एक म्हातारा आला होता, असाच कुत्र्याला फिरवायला. मी त्या टोकाला होते. हाका मारल्या, वाऱ्यात ऐकू गेल्या नसतील. फळी रेटत येईपर्यंत पाणी भरलं." तिने हातावरचा वाळलेला गाळ खरवडला. "त्याचा कुत्रा निघाला. हलका होता. आता माझ्याकडेच असतो."

निळी कड त्यांच्याच खात्याच्या नकाशांना असायची.  आतापर्यंतची भीती दात, गाळ आणि पाण्याची होती. ती अंगाबाहेरची होती. आता जी आली ती आतून आली. "ठिपके मी काढलेत," असं तिला म्हणायचं होतं. शिंपलेवालीचा रुमाल हाताला बांधलेला असताना तिला ते म्हणता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुमची टोपली बुडाली."

"टोपल्या मिळतात," शिंपलेवाली म्हणाली.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर तिला इंजेक्शन दिलं, जखम धुतली, कोपरापर्यंत जाडजूड पट्टी बांधली. ती वर गेली तेव्हा दादा उशीला टेकून बसवलेला होता.

"गेला?"

"गेला. भरपूर. घरी झोपलाय, शिंपी बसलाय जवळ."

दादाचा अर्धा चेहरा हसला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायला त्याचा चालता हात पुरेसा वेगाने वर येईना. मग त्याला पट्टी दिसली.

"काय?"

"खिळा लागला," ती म्हणाली.

दादा बघत राहिला.

"चावला," ती म्हणाली. "पण त्याची चूक नाही."

तेवढ्यात शेजारचा पोस्टमन उत्साहाने पुढे झुकला. "सापडला ना किनारा? तुमचे दादा सकाळपासून सांगतायत, माझी बहीण शोधणारच म्हणून. कुठेशी आहे? मलाही चालायला."

दादाने मान हलवली. अभिमानाने, तशा अवस्थेतही तो अभिमान स्पष्ट दिसत होता. तिच्या मनात आलं, दुसरं कुठलं तरी नाव सांगावं. नाहीतर गप्प बसावं, मंगळवारपर्यंत हा विसरेल. एवढ्या मोठ्या वॉर्डात सगळे आपल्याकडेच बघतायत असं तिला वाटलं.

"नकाशात एक जागा आहे," ती म्हणाली. "एकेचाळीस नंबरच्या. तिथे जाऊ नका. तिथे वाळू नाही, दलदल आहे. नकाशा चुकीचा आहे." मग ती दादाकडे वळली, कारण सांगायचं त्यालाच होतं. "मी चुकवला, दादा. मोजलेलं नव्हतं, मी अंदाजाने भरलं. वकील त्यातच रुतला होता. आणि दोन वर्षांपूर्वी एक माणूस बुडाला तिथे. माझा नकाशा हातात घेऊन."

पोस्टमन हळूच मागे सरकून आडवा झाला. दादाचा चेहरा हलेना. तो चालणाऱ्या बाजूने हलेना की न चालणाऱ्या, ते कळायला मार्ग नव्हता. नर्सने वेळ संपल्याची घंटा वाजवली. ट्रेसरबाई उठली.

"खोड... ते," दादा म्हणाला.

सोमवारी सकाळी तिने एकेचाळीस नंबरची फिल्म कपाटातून काढून साहेबांच्या टेबलावर पसरली आणि सगळं सांगितलं. साहेब तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते, वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी उठून दार लावलं.

"बाई, तेरा वर्षं ही शीट चालू आहे. एक तक्रार नाही."

"तक्रार करायला तिथून परत यावं लागतं, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा, नवीन मोजणी होईल पुढेमागे. तेव्हा आपोआप दुरुस्त होईल. आता तुम्ही उकरून काढलंत तर चौकशी लागेल. तुमची दोनच वर्षं राहिलीत. हात बघा काय झालाय. रजा घ्या, घरी बसा."

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

"चौकशीची वाटतेच आहे, साहेब. पण उद्या एक पोस्टमन घरी जाणार आहे. त्याला मी सांगितलंय. बाकीच्यांना कोण सांगणार?"

 ती फिल्म गुंडाळून आपल्या टेबलाशी आली. नवं ब्लेड काढलं. शाईचे ठिपके फिल्मवरून खरवडावे लागतात. घाई केली तर फिल्म खरखरीत होते आणि नवी शाई फुटते. उजव्या हाताची पट्टी आडवी येत होती. तिने बोटांच्या टोकांत ब्लेड धरलं आणि एकेक ठिपका खरवडायला लागली. कुणीतरी चहा ठेवून गेलं, तो गार झाला. जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती चार जण जमले, विचारू की नको करत उभे राहिले आणि निघून गेले. दोन वाजता जागा मोकळी झाली. तिने ती नखाने घासून गुळगुळीत केली आणि चिखलाच्या तुटक रेघा मारल्या. रेघा थोड्या वाकड्या आल्या. तिने त्या तशाच राहू दिल्या.

मग दुरुस्तीची वही उघडली. शीट क्रमांक, तारीख, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, दुरुस्तीचं कारण. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, पानंच्या पानं, 'नवीन मोजणी' एवढंच लिहिलेलं होतं. साहेब कधी येऊन मागे उभे राहिले ते तिला कळलं नाही.

"नवीन मोजणीच लिहा," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणी बघत नाही."

तिने पेन शाईत बुडवलं. पट्टीमुळे पकड नीट बसेना, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि अक्षर नेहमीसारखं येईल एवढ्या बेताने सावकाश लिहिलं: 'मूळ चूक ट्रेसरची. एक माणूस गेला.' खाली पूर्ण सही केली.

 साहेबांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात आपली सही केली. शाई वाळायची होती, म्हणून दोघंही वही न मिटता तिथेच थांबली.